सोलापुरातून विमान दुरुस्तीकडे जाताना

एएमई, म्हणजे एअरक्राफ्ट मेन्टेनन्स इंजिनिअरिंग करतोय म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "मग पायलट कधी होणार?" नाही होणार. विमान उडवणारा वेगळा आणि ते उडायला ठीक आहे म्हणून सही करणारा वेगळा. त्या सहीसाठी डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, लायसन्स लागतं. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित हवं, आणि प्रत्येक मॉड्यूलला, म्हणजे एकेका विषयाच्या पेपरला, पास व्हायला ७५ टक्के.

येणाऱ्या पोरांना मी आधी एअर इंडियाची १९६०च्या आसपासची वर्षं वाचायला सांगतो. १९४८ला मुंबई-कैरो-जिनिव्हा-लंडन सेवा सुरू झाली ती कॉन्स्टेलेशन विमानावर. चार पिस्टन इंजिनं, प्रत्येकाला १८ सिलिंडर, दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. एका विमानाला १४४ प्लग! घरी यंत्रमाग असलेल्या पोराला हे चटकन उमगतं: हलणारे भाग जितके जास्त, तितकं काम जास्त.

१९६०ला बोइंग ७०७ आलं. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू, आणि १९६२ला सगळा ताफा जेट. विमान अमेरिकन, पण इंजिन ब्रिटिश: रोल्स-रॉइसचं कॉनवे. आत येणारी थोडी हवा ज्वलनाकडे न जाता बाजूनेच मागे निघायची. आजच्या टर्बोफॅनचं तत्त्वही हेच. प्रोपेलर गेले, सिलिंडर गेले. पिस्टनवर केस पिकलेल्या मेकॅनिकांनी दोन वर्षांत हे सगळं पचवलं. लोकांना त्या काळातला, एअर इंडियाच्या जाहिरातींमधला महाराजा आठवतो. मला हँगरमधली माणसं मोठी वाटतात.

आजही तेच आहे: नवं विमान आलं की नवं शिकायचं. मूळ लायसन्स मिळालं तरी मोठ्या विमानाच्या प्रत्येक प्रकारासाठी टाइप रेटिंग, म्हणजे त्याच विमानापुरती परवानगी, वेगळं. बी१.१ला, म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या लायसन्स कॅटेगरीला, मॉड्यूल १५, गॅस टर्बाइन, करावंच लागतं. १६वं, पिस्टनचं, लागत नाही म्हणून सगळे सोडतात. मी म्हणतो, एकदा वाचा. टर्बाइनमुळे कोणकोणतं काम कमी झालं ते त्याशिवाय कळत नाही.

मराठी माध्यमवाल्यांनी इंग्रजीला घाबरू नये. मॅन्युअलची इंग्रजी मुद्दाम सोपी ठेवलेली असते: लहान वाक्यं, ठरलेले शब्द.

फी भरण्याआधी मात्र डीजीसीएच्या यादीत त्या संस्थेची सीएआर-१४७ मान्यता (एएमई शिकवणाऱ्या संस्थांना लागते ती) स्वतः बघा, आणि ती कोणत्या कॅटेगरीसाठी आहे तेही. एजंट पुण्याचा असो की मुंबईचा, त्याच्या ब्रोशरवर जाऊ नका.