फिजिओथेरपिस्टकडून ड्राय नीडलिंग: सुई टोचून घेण्याआधी काय तपासायचं

ड्राय नीडलिंग म्हणजे औषध न घालता नुसती बारीक सुई आखडलेल्या स्नायूत टोचणं. खांद्यातली आखडलेली गाठ सोडवायला फिजिओथेरपिस्टने अशी सुई वापरावी का? आमच्या मते वापरावी, पण नुसत्या पदवीच्या जोरावर नाही. स्नायू, नसा, फुप्फुस कुठे आहेत हे बीपीटीला (फिजिओथेरपीच्या पदवीला) शिकवतात. सुई किती खोल आणि कोणत्या दिशेने न्यायची, ते मात्र वेगळं, हाताने शिकावं लागतं.

त्यामुळे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: राज्याच्या भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? नीडलिंगचं प्रशिक्षण समोरासमोर झालं का, त्यात छाती-पाठीच्या स्नायूंचा सराव होता का? फक्त ऑनलाइन कोर्स असेल तर नको म्हणा. ॲक्युपंक्चरला महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. ती नोंदणी नसताना कोणी नीडलिंगलाच ॲक्युपंक्चर म्हणत असेल तर सावध व्हा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दिवस गेले असतील, स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील किंवा सुई बघून चक्कर येत असेल, तर आधीच सांगा.

सुया झोपूनच टोचून घ्या. बसल्या जागी रक्तदाब उतरला तर सुईसकट खाली पडाल. सुई साधारण 0.25 ते 0.30 मिमी जाड, एकदाच वापरायची, तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढलेली हवी.

खरा धोका मान आणि खांद्याच्या मधल्या जाड स्नायूत आहे, कारण त्याच्या खालीच फुप्फुसाचं टोक येतं. जाणता माणूस तो स्नायू चिमटीत धरून वर उचलतो आणि सुई चिमटीतच ठेवतो, बरगड्यांकडे सरळ खाली नेत नाही. चिमूट न धरता उभी सुई घालताना दिसलं तर लगेच थांबवा. पाठीचा कणा आणि फऱ्याचं हाड यांमधला भागही तसाच नाजूक आहे. तिथे स्नायू पातळ आणि खाली बरगड्या.

सुई गाठीत लागली की स्नायू क्षणभर फडफडतो, ते ठीक. हातात विजेसारखी कळ गेली तर नस जवळ आहे; बोला, सुई मागे घेतली पाहिजे. किती घातल्या, किती निघाल्या हे दोघांनी मोजा. वापरलेल्या सुया लगेच पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात गेल्या पाहिजेत.

एक-दोन दिवस ठणका आणि थोडं काळंनिळं होणं नेहमीचं; गरम शेक द्या. आराम बहुधा थोडे दिवसच टिकतो, म्हणून त्याच काळात सांगितलेले व्यायाम करा. दोन-तीन खेपांत फरक नसेल तर पुढच्या सुयांना पैसे घालू नका.

मात्र दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं किंवा कोरडा खोकला सुरू झाला, अगदी काही तासांनीसुद्धा, तर तडक हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. ‘आज खांद्यात सुया टोचल्यात’ हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि छातीचा एक्स-रे मागा. नाहीतर हे दुखणं स्नायूचंच समजून गोळी देऊन घरी पाठवण्याची शक्यता असते.