निओरेगेलियाची पिल्ले वेगळी करताना

निओरेगेलिया ही ब्रोमेलियाडपैकी, म्हणजे अननसाच्या कुळातली. ब्रोमेलियाडचे रोप बहुधा एकदाच फुलते. निओरेगेलियाच्या पानांची मधली वाटी लाल होते, तिच्यातल्या पाण्यात बारीक जांभळी फुले येऊन जातात आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत मूळ रोप वाळते. त्याआधी बुडाशी पिल्ले फुटतात. संकरित आणि पट्टेदार जाती टिकवायच्या त्या या पिल्लांवरच; बियांतून आईसारखे रोप येईलच असे नाही.

पिल्लू आईच्या निम्म्या उंचीचे झाल्याशिवाय कापू नका. लवकर कापलेले पिल्लू जगले तरी वर्षभर रेंगाळते. आई वाळकी दिसली तरी फेकू नका, एक पिल्लू काढले की ती बहुधा दुसरे देते.

‘ट्रायकलर’ ही ब्राझीलमधल्या निओरेगेलिया कॅरोलिनीची जात. तिची पिल्ले निवडून घ्यावी लागतात. पानांच्या मधोमध फिकट पट्टा आणि दोन्ही कडांना हिरवे, असेच पिल्लू ठेवा. पूर्ण पांढरे पिल्लू देखणे असते, पण त्यात हरितद्रव्य नसल्याने आईपासून तोडले की मरते. पूर्ण हिरवे जोमाने वाढते, पण पट्टा परत येत नाही.

धारदार, स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने देठ आईच्या खोडालगत कापा, म्हणजे तो पिल्लाकडे राहील. जखम दोन दिवस सावलीत सुकू द्या. कुंडी चार इंची पुरते. नारळाच्या सोडणाचे तुकडे रात्रभर भिजवून, पाणी फेकून घ्या. असे दोन भाग, कोळसा एक भाग, परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) एक भाग. बागेतली माती नकोच. पिल्लू फक्त दोन-तीन सेंटिमीटर खोल लावून काडीचा आधार द्या. खोल लावले की बूड कुजते. बहुतेक पिल्ले जातात ती इथेच.

सकाळचे कोवळे ऊन हवे. दुपारच्या उन्हाने पाने करपतात, अंधारात लांबट हिरवी होतात. नत्र जास्त झाले तरी रंग जातो, म्हणून खत पाव मात्रेत, तेही कुंडीत, वाटीत नाही. बोअरच्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात, पावसाचे पाणी उत्तम.

वाटीत पाणी हवे, पण साचलेले नको. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात वाढतो, तेव्हा आठवड्यातून दोनदा कुंडी आडवी करून जुने पाणी ओता आणि नवे भरा. बुरशीसाठी सुपारीवर मारता ते बोर्डो मिश्रण मात्र या रोपांजवळही फवारू नका; त्यातले तांबे ब्रोमेलियाडला मारते.