जर्मनीत बँक खातं उघडत नव्हतं, शेवटी असं जमलं

ऑनलाइन अर्ज दर वेळी व्हिडिओवर पासपोर्ट दाखवताना अडकायचा आणि शाखेत नुसता भाडेकरार चालेना. पगार लटकलेला, जीव अगदी मेटाकुटीला आला.

आधी घरमालकाकडून राहत असल्याचा सही केलेला दाखला घेतला. तो आणि पासपोर्ट दाखवून नगरपालिकेत पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, केली. तो कागद घेऊन शाखेत गेलो आणि नेमका 'बाझिसकोंटो'चाच, म्हणजे मूलभूत बँक खात्याचाच, लेखी अर्ज दिला. हा शब्द सोडू नका: युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही २०१६ पासून हे खातं मागता येतं. पूर्ण अर्जावर बँकेला १० कामकाजी दिवसांत निर्णय द्यावा लागतो, तोही नकार असेल तर लेखी.

टपालपेटीवर आपलं आडनाव आधीच चिकटवा. कार्ड आणि पिन वेगवेगळ्या पाकिटांत येतात. नाव नव्हतं म्हणून माझं पहिलं पाकीट परत गेलं.