बागेत घरटं आणि मांजर: या चुका टाळा

सोसायटीच्या जास्वंदीत बुलबुलाने घरटं केलं, की आधी ग्रुपवर फोटो येतो आणि मागोमाग भांडण. मांजरांना खायला घालणारे एकीकडे, ‘त्यांना लांब सोडून या’ म्हणणारे दुसरीकडे.

मांजर पोत्यात घालून दुसऱ्या वस्तीत सोडणं ही निव्वळ फुकटची मेहनत. जागा रिकामी झाली की दुसरं येतंच. वर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार झाली, तर सेक्रेटरींना उत्तर देता देता नाकी नऊ येतात. निर्बीजीकरण जरूर करून घ्या, पण त्याने पुढची पिल्लावळ थांबते, आज झुडपाखाली दबा धरून बसलेली मांजर नाही.

‘पोट भरलेलं असलं की शिकार करत नाही’ हाही गैरसमज. शिकारीचा भुकेशी फारसा संबंध नसतो. खाणं बंद करा असं मी म्हणणार नाही, पण ताटली घरट्यापासून लांब, पार्किंगच्या बाजूला हलवा आणि खाऊन झालं की उचला. उरलेल्या मासळीवर कावळे नि उंदीर येतात, आणि अंडी त्यांनाही आवडतात. गळ्यातल्या घुंगराने मोठा पक्षी सावध होईल. घरट्यातलं पिल्लू ऐकून जाणार कुठे?

खरं काम घरट्याकडे जाणारी वाट अडवण्याचं. बुलबुलाची अंडी फुटायला साधारण दोन आठवडे, पिल्लं बाहेर पडायला जवळपास तेवढेच. म्हणजे राखण महिनाभराचीच. एकखोडी झाड असेल तर जमिनीपासून चार-पाच फुटांवर दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा खोडाभोवती गुंडाळा. पण शेजारी कंपाउंडची भिंत, पाण्याचा पाइप किंवा उभी गाडी असेल, तर मांजर तिथूनच उडी मारते. पत्रा नुसता शोभेला. झुडपाला पत्रा लावता येत नाही, तिथे बुंध्याभोवती बोगनवेलीच्या काटेरी फांद्या पसरा. पालक पक्षी चारा आणायला गेले की झटपट उरका. रोज डोकावून फोटो काढणं बंद. कावळे बघत असतात.

पावसाळ्याआधीच्या छाटणीत तर हमखास घोटाळा होतो. फांद्या कापल्या की घरटं उघडं पडतं. पानं शिवून केलेलं शिंपी पक्ष्याचं घरटं माळ्याला दिसतही नाही, म्हणून झुडूप आधी स्वतः तपासा.

नीट उडता न येणारं, पिसं फुटलेलं पिल्लू खाली दिसलं तर घरी नेऊ नका. जवळच्या फांदीवर ठेवा आणि मांजर हाकला. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकत नाहीत. मात्र मांजराच्या तोंडातून सुटलेलं पिल्लू, जखम दिसो न दिसो, तातडीने डॉक्टरकडे न्यायलाच हवं. मांजराच्या लाळेतल्या जंतूंवर अँटिबायोटिक लागतं. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, आणि मुंबईत असाल तर परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल गाठा किंवा वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.