ओ पेअरची ऑफर आलीय? फॅमिली नंतर बघा, आधी व्हिसा बघा

ओ पेअर म्हणजे परदेशातल्या एखाद्या फॅमिलीकडे राहून त्यांची मुलं सांभाळायची, बदल्यात राहणं-जेवण आणि पॉकेट मनी. 2022 मध्ये माझे 36 हजार कसे गेले तेवढं सांगते.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. होम सायन्सला होते, चेतन बालवाडीत तीन-चार वर्षांची पोरं सांभाळलेली, त्यामुळे लंडनच्या एका फॅमिलीचा मेल आला तेव्हा वाटलं की हे आपल्यासाठीच आहे. दोन मुलं, एक कुत्रा, महिन्याला 900 पाउंड, तिकीट त्यांचं. आणि मी काही डोळे मिटून हो म्हटलं नाही हं. फोटो गूगलवर टाकून शोधले, कुठे सापडले नाहीत. पत्ता मॅपवर टाकला, घर होतं. बाईशी दोनदा फोनवर बोलले. नंबर +44 नंतर 70 ने सुरू होत होता, तो साधा मोबाईल नंबर नसतो, कॉल भलतीकडेच वळवता येतो, हे नंतर कळलं. आठवडाभर रात्री जागून मी ती फॅमिली खरी की खोटी तेच तपासत बसले, आणि ब्रिटनमध्ये ओ पेअरचा व्हिसाच नाही, तो 2008 मध्येच बंद झालाय, हे एकदाही बघितलं नाही. दहा मिनिटांचं काम होतं. सरकारी साइट उघडायची आणि व्हिसाचे प्रकार वाचायचे, बस.

आता पैसे कसे काढले ते नीट वाचा, कारण सगळ्या मुली इथेच फसतात. सुरुवातीला त्यांनी माझ्याकडे पैसे मागितलेच नाहीत. आमचा सॉलिसिटर, म्हणजे वकील, तुमचा व्हिसा करेल, त्याची फी 820 पाउंड, आम्ही 440 भरले, ही पावती, असा मेल आला. बस, एवढंच. दोन दिवस काहीच नाही. मग बाईचा मेल, की उरलेल्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, नाही जमलं तर आम्ही समजू शकतो, मुलं मात्र तुमची वाट बघतायत. आता सांगा, समोरच्यानं आपल्यासाठी 440 पाउंड घातलेत म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? आपल्याकडे कुणी चहा पाजला तरी दुसऱ्या वेळी आपण द्यायचा असतो. मला भीती नाही वाटली, लाज वाटली, आपण चिकट दिसू याची. त्यांना हवी होती ती लाजच. पावती काय, कुणीही बनवतं. त्यांनी एक दमडी भरलेली नव्हती, कारण भरायला तो व्हिसाच नव्हता.

पैसे सॉलिसिटरच्या 'इंडियन पार्टनर'च्या खात्यात टाकायचे होते. साधं सेव्हिंग खातं, एका माणसाच्या नावाचं, शाखा तिसऱ्याच राज्यात. बँकेत फॉर्म दिला तर काउंटरवरच्या बेननी नाव वाचलं, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "ओळखो छो?" मी म्हटलं, "हा, ओळखुं छुं." शिक्का पडला. ट्यूशनचे साठवलेले पैसे होते ते.

तीन आठवड्यांनी आणखी 55 हजार मागितले, इन्शुरन्ससाठी, 'रिफंडेबल'. हा शब्द कुठल्याही मेलमध्ये दिसला की तिथेच थांबा. मी तेव्हा कुठे सरकारी साइट उघडली. बाबांना सांगायला चार महिने लागले आणि तक्रार तर केलीच नाही. ती चूक तुम्ही करू नका, पैसे गेले की लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितका उशीर तितके ते पुढच्या खात्यांत सरकत जातात.

आता थोडं बरं बोलते, कारण खऱ्या ऑफर असतात, मी स्वतः 2023 मध्ये जर्मनीला जाऊन वर्षभर राहून आले. तिथे ओ पेअरचा व्हिसा खरोखर आहे आणि नियम लिहिलेले आहेत. अर्ज करताना वय 18 च्या वर आणि 27 च्या आत, जर्मन भाषेची ए वन म्हणजे पहिली पातळी, महिन्याला 280 युरो पॉकेट मनी, भाषेच्या क्लाससाठी 70 युरो, आठवड्याला जास्तीत जास्त 30 तास काम, स्वतंत्र खोली, इन्शुरन्स फॅमिलीचा. विमानाचं तिकीट बहुतेक वेळा आपलंच. 280 ऐकून तोंड वाकडं झालं ना? माझंही झालं होतं. पण खरी ऑफर अशीच कंजूस दिसते, हजार-बाराशे युरो देणारा माणूस ओ पेअर शोधत नसतो. व्हिसाची फी 75 युरो, ती अर्ज देताना आपण स्वतः भरतो, मधे सॉलिसिटर वगैरे कुणी नाही. गुजरातवाल्यांचा अर्ज मुंबईच्या कॉन्सुलेटकडे जातो.

बडोद्यात हमखास ऐकू येणारी एक ऑफर म्हणजे, फ्रँकफर्टला आपलीच गुजराती फॅमिली आहे, जेवणाचाही प्रश्न नाही. ते होत नाही. आईबाप मूळचे भारतातले असतील आणि जर्मन त्यांची मातृभाषा नसून फक्त घरात बोलायची भाषा असेल, तर भारतातली ओ पेअर त्यांना ठेवता येत नाही. फॅमिली भली असेलही, पण व्हिसा मिळणार नाही.

अमेरिकेत ओ पेअरसाठी जे वन नावाचा व्हिसा आहे, पण तो सरकारमान्य स्पॉन्सर एजन्सीमार्फतच मिळतो, फॅमिलीनं थेट मेल करून बोलावलं तर सोडून द्या. ब्रिटनला 2023 पासून भारतीयांसाठी यंग प्रोफेशनल्सची व्हिसा स्कीम आहे, पण त्यात आधी लॉटरी, मग डिग्री आणि खात्यात 2,530 पाउंड दाखवायचे. कुठली फॅमिली तो व्हिसा मिळवून देऊ शकत नाही.

एजंटांबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते बदलणार नाही. बोर्डावर 'गॅरंटी' दिसली की पायरीही चढू नका. नातेवाइकांचंही तेच. लंडनला बारा वर्षं असलेला माझा मावसभाऊ "ये ना, इथे सगळं होतं" म्हणाला होता. तो वर्क व्हिसावर गेलेला, त्याला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. विचारायचंच तर त्याच व्हिसावर जाऊन आलेल्या मुलीला विचारा, बाकी सगळे हवेत बोलतात.

आणि खरी फॅमिली ओळखू येते, खरंच येते, घाबरू नका. लंडनवाल्यांच्या घरात एकही कटकट नव्हती. माझ्या जर्मन फॅमिलीनं पहिल्याच व्हिडिओ कॉलवर सांगितलं की धाकटा चावतो, आणि मधेच तो धाकटा कॅमेऱ्यासमोर येऊन जीभ काढून गेला. बाईनं चाळीस मिनिटं मलाच प्रश्न विचारले. पोहता येतं का, रात्री मूल उलटी करायला लागलं तर काय करशील, सायकल चालवतेस का. मी पक्की ॲक्टिवावाली, तरी हो म्हणून टाकलं, आणि मग पुढचा महिनाभर सकाळी सहाला कमाटीबागेबाहेर भाच्याची सायकल घेऊन शिकत होते.