घरचं कुरकुरीत वॉफल: रात्रभर आंबवलेलं पीठ, झटपट ताकाचं पीठ आणि लिएजचं साखरी वॉफल

साच्यातून काढताना कुरकुरीत असलेलं वॉफल ताटात ठेवल्यावर दोन मिनिटांत मऊ आणि चिवट होतं, ही नेहमीची अडचण आहे. तिचं मूळ पाण्यात असतं. पिठातलं पाणी वाफ होऊन साच्याच्या फटींतून निघून गेलं की बाहेरचं कवच वाळतं आणि खमंग होतं. ती वाफ आत राहिली, किंवा बाहेर पडून पुन्हा वॉफललाच लागली, की कवच ओलावतं. कृती कुठलीही घ्या, पुढची सगळी धडपड या वाफेला वाट करून देण्यासाठी आहे.

आधी साच्याबद्दल. विजेचे वॉफल मेकर दोन प्रकारचे मिळतात. उथळ खोबण्यांच्या साच्यात साधारण दीड सेंटिमीटर जाडीचं वॉफल होतं, खोल खोबण्यांच्या ‘बेल्जियन’ साच्यात अडीच सेंटिमीटरपर्यंत. पहिल्यात कुरकुरीतपणा पटकन येतो. दुसऱ्यात आत हलकी जाळी आणि बाहेर कवच, दोन्ही मिळतं, पण पीठ चांगलं फुललेलं हवं. विकत घेताना वॅट बघा. 700 वॅटचा साचा गार पीठ पडल्यावर गारठतो आणि पुन्हा तापायला वेळ घेतो, 1000 वॅटच्या पुढचा लवकर सावरतो. सँडविच टोस्टरच्या त्रिकोणी पट्ट्यांत हे पीठ ओतलं तर फुगीर केक होतो, वॉफल नाही.

गॅसवरचा बिडाचा किंवा जाड ॲल्युमिनियमचा साचाही उत्तम चालतो. अमेरिकेत कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांना अशाच चुलीवरच्या साच्याचं पेटंट 24 ऑगस्ट 1869 रोजी मिळालं. तो साचा फिरवून उलटता येत असे आणि उलटवणं हेच त्यातलं मुख्य काम आहे. रिकामा साचा मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं तापवा. पीठ ओतून बंद केल्यावर अर्ध्या मिनिटात उलटा, म्हणजे वरच्या खोबण्यांतही पीठ भरतं. मग प्रत्येक बाजूला दोन ते अडीच मिनिटं.

रात्रभर आंबवलेलं पीठ

चवीला याच्या तोडीचं दुसरं नाही. आंबोळीचं पीठ आणि घाईचं घावन यांत जो फरक, तोच इथेही. आठ मध्यम वॉफलसाठी: मैदा 250 ग्रॅम, दूध 420 मिली, लोणी 100 ग्रॅम, साखर 1 मोठा चमचा, मीठ 1 छोटा चमचा, इन्स्टंट यीस्ट अर्धा छोटा चमचा, अंडी 2, खायचा सोडा पाव छोटा चमचा. पिवळं खारं लोणी असेल तर मीठ निम्म्यावर आणा.

लोणी दुधात घालून मंद आचेवर वितळेपर्यंतच गरम करा आणि बोट सहज बुडवता येईल इतकं कोमट होऊ द्या. याहून गरम दुधात यीस्ट मरतं आणि सकाळी पीठ होतं तसंच मिळतं. मोठ्या पातेल्यात मैदा, साखर, मीठ आणि यीस्ट एकत्र करून त्यात दूध थोडं थोडं ओतत रवीने किंवा व्हिस्कने गुठळ्या मोडा. पातेलं मोठंच घ्या, कारण पीठ दुपटीहून जास्त वर येतं.

बहुतेक परदेशी कृतींत याच मापाला दोन ते सव्वादोन छोटे चमचे यीस्ट घालून पीठ रात्रभर ओट्यावर ठेवायला सांगतात. थंड देशातल्या स्वयंपाकघरात ते जमतं. मुंबईत किंवा कोकणात एप्रिल-मेच्या रात्री तेच पीठ मध्यरात्रीच शिगेला पोचून खाली बसतं. सकाळी ते आंबूस वासाचं, पाणी सुटलेलं असतं आणि वॉफल फिकं पडतं. फिकं पडण्याचं कारण असं की यीस्ट पिठातली साखर खातं. जास्त वेळ मिळाला तर रंग येण्यापुरतीही साखर उरत नाही. शिवाय दूध आहेच, ते रात्रभर उकाड्यात ठेवणं बरं नाही. म्हणून यीस्ट अर्धा चमचाच घ्या. पीठ तासभर बाहेर ठेवा, बुडबुडे दिसू लागले की झाकून फ्रिजमध्ये ढकला. तिथे 8 ते 12 तास ठेवायचं. चोवीस तासही टिकतं, फक्त चव थोडी आंबटसर होते.

सकाळी पीठ अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. वर जाळी पडलेली असेल आणि चमच्याने हलवल्यावर पीठ खाली बसेल. बसू द्या. मग अंडी फेटून घाला, शेवटी सोडा भुरभुरवून ढवळा. अंडी रात्री घालायची नाहीत, आणि सोडाही नाही, कारण तो ओल लागताच काम करू लागतो आणि सकाळपर्यंत संपून जातो. चिमूटभर सोडा आंबटपणा मारतो आणि रंग खुलवतो. पाव चमच्याच्या वर गेलात तर साबणासारखी चव येते. तयार पीठ पळीवाढं हवं, म्हणजे डोशाच्या पिठापेक्षा किंचित पातळ. दाट राहिलं तर दोन-तीन चमचे दूध घाला.

घाईच्या दिवशी ताकाचं पीठ

मैदा 200 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 25 ग्रॅम, बेकिंग पावडर 2 छोटे चमचे, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, साखर 2 मोठे चमचे, अंडी 2, पातळ केलेलं लोणी किंवा तेल 80 ग्रॅम आणि दाट ताक 350 मिली. पुस्तकातलं ‘बटरमिल्क’ म्हणजे आपलं जेवणानंतरचं पातळ ताक नव्हे. 250 ग्रॅम आंबटसर दही 100 मिली पाण्यात घुसळलं की योग्य दाटपणा येतो. दही गोड असेल तर एक छोटा चमचा लिंबाचा रस पिळा, नाहीतर सोड्याला आंबट काही मिळतच नाही.

कोरडं सगळं चाळून घ्या. अंड्यातलं पिवळं ताक आणि लोण्यात मिसळून कोरड्यावर ओता आणि दहा-बारा वेळाच ढवळा. लहान गुठळ्या राहिल्या तरी चालतील. इथे पीठ फेटत बसलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि वॉफल रबरासारखं होतं. अंड्याचं पांढरं वेगळ्या, तेलाचा अंशही नसलेल्या भांड्यात मऊ टोकं येईपर्यंत फेटा आणि शेवटी हलक्या हाताने खालून वर घेत मिसळा. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब गेला तरी फेस नीट चढत नाही. कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लुटेन नसतं, म्हणून त्याने कवच ठिसूळ होतं. घरात नसेल तर तांदळाची पिठी तेवढीच घाला, किंबहुना कवच तिने जास्तच कडक येतं.

लोण्यात साधारण सोळा टक्के पाणी असतं. तेल किंवा साजूक तूप वापरलं तर तेवढी वाफ कमी होते आणि वॉफल जास्त वेळ कुरकुरीत राहतं. शंभर ग्रॅम लोण्याऐवजी 80 ग्रॅम तूप पुरतं. चवीसाठी निम्मं लोणी आणि निम्मं तेल हा चांगला मध्य आहे. स्निग्ध पदार्थ कमी करण्याचा मोह मात्र टाळा, पीठ साच्याला चिकटण्याचं ते पहिलं कारण असतं.

मैद्याऐवजी कणीक वापरायची तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच, आणि दूध 30 मिली जास्त. पूर्ण कणकेचं वॉफल भरीव आणि जड होतं.

अंड्याशिवाय

आपल्याकडे दुकानांत मिळणारी बरीच वॉफल बिनअंड्याची असतात, तेव्हा घरीही अडायचं कारण नाही. अंडं पीठ बांधून ठेवतं आणि तेल-पाणी एकजीव करतं, ती कामं दुसऱ्याकडून करून घ्यावी लागतात. मैदा 180 ग्रॅम, तांदळाची पिठी 30 ग्रॅम, मिल्क पावडर 2 मोठे चमचे, साखर 2 मोठे चमचे, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, सोडा पाव छोटा चमचा, मीठ चिमूटभर. दही 120 ग्रॅम, दूध 200 मिली आणि तेल 60 मिली आधी दुधाळ, एकसारखं दिसेपर्यंत फेटा, मग कोरड्यात घाला. दहा मिनिटं झाकून ठेवा. हे साच्यात मिनिट-दीड मिनिट जास्त ठेवावं लागतं, आणि लवकर उघडलं तर हमखास दोन फाकी होतात.

साच्यात

दिवा बदलला, म्हणजे साचा तापला, असं धरू नका. त्यानंतरही पाच मिनिटं बंद साचा तापू द्या, कारण दिवा एका ठिकाणचं तापमान सांगतो, सगळ्या पट्टीचं नाही. पाण्याचा थेंब पडताच नाचून उडाला पाहिजे. ब्रशने दोन्ही पट्ट्यांना तेलाचा पातळ हात द्या, खोबण्यांच्या उंचवट्यांना नीट. फवाऱ्याचं तेल टाळलेलं बरं. त्यातलं लेसिथिन नॉनस्टिकवर चिकट पिवळट थर धरतं आणि पुढे त्यालाच सगळं चिकटतं.

पीठ मधोमध ओता आणि कडेपासून दोन सेंटिमीटर जागा सोडा, झाकण पडल्यावर ते पसरतं. सात इंची उथळ गोल साच्याला सुमारे 120 मिली लागतं, खोल साच्याला 160 ते 180. पहिल्या वॉफलला मापाने ओता, बाहेर आलं किंवा कडा रिकाम्या राहिल्या तर आकडा बदला.

आता वाफेकडे बघा. पहिली दोन-तीन मिनिटं फटींतून जोरात वाफ निघते. त्या काळात झाकण उचललं तर वॉफल मधून उभं फाटतं, अर्धं वर आणि अर्धं खाली. वाफ विरळ होऊन जवळजवळ थांबली की झाकण अलगद उचलून पाहा. जरा जरी अडलं तर अजून अर्धं मिनिट. एकूण चार ते सहा मिनिटं लागतात. कित्येक साच्यांची घंटा वाफ थांबायच्या आधीच वाजते, घंटेपेक्षा वाफेचं ऐका. रंग गडद सोनेरी हवा. फिकं वॉफल बाहेर काढल्यावर हमखास लोळतं. लाकडी उलथन्याने किंवा चॉपस्टिकने कड सोडवा, सुरी लावू नका. दुसरं ओतण्याआधी साचा बंद करून मिनिटभर तापू द्या.

काढलेलं वॉफल ताटात नको, जाळीवर ठेवा. जाळी दोन वाट्यांवर टेकवली तरी खालून हवा खेळते. एकावर एक तर कधीच रचू नका, खालचं वरच्याच्या वाफेने भिजतं. सगळ्यांना एकदम वाढायचं असेल तर ओव्हन 100 अंश सेल्सिअसवर ठेवून जाळीसकट आत सरकवा, वीस मिनिटं कुरकुरीत राहतं. मध, पाक, आंब्याच्या फोडी हे सगळं ताटात वाढल्यावरच.

साखर वाढवल्याने गोडी वाढते, पण ती आत शिजायच्या आत बाहेर करपते आणि साच्याला धरते. 250 ग्रॅम मैद्याला 30 ग्रॅमच्या वर जायचं असेल तर वेगळंच वॉफल करावं, तेच पुढचं.

लिएजचं साखरी वॉफल

बेल्जियममध्ये ‘बेल्जियन वॉफल’ असा एकच पदार्थ नाही. ब्रसेल्सचं वॉफल आयताकृती, सरळ कडांचं, हलकं आणि पातळ पिठाचं. 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात मॉरिस व्हर्मर्श यांनी क्रीम आणि स्ट्रॉबेरी घालून विकलं ते याच जातीचं, आणि तिथून ‘बेल्जियन’ हे नाव अमेरिकेत रुळलं. लिएजचं वॉफल मात्र पावासारख्या मळलेल्या गोळ्याचं असतं. कडा वेड्यावाकड्या आणि आत साखरेचे खडे, जे साच्याला टेकून वितळतात आणि वर कॅरमेलचा पापुद्रा धरतात.

मैदा 250 ग्रॅम, कोमट दूध 80 मिली, इन्स्टंट यीस्ट दीड छोटा चमचा, अंडं 1 आणि आणखी एका अंड्याचं पिवळं, साखर 20 ग्रॅम, मीठ पाऊण छोटा चमचा एकत्र करून दहा मिनिटं मळा. मग 120 ग्रॅम मऊ लोणी तुकड्या-तुकड्याने मुरवा. पीठ चिकट वाटेल, वरून मैदा घालू नका. दीड तास फुगू द्या. उकाड्यात लोणी सुटून पीठ तेलकट दिसलं तर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं की सावरतं.

मग साखरेचे खडे 130 ग्रॅम. मूळ पर्ल शुगर म्हणजे बारीक साखर दाबून केलेले गोळे. खडीसाखर दिसायला जवळची, पण तिचा अखंड स्फटिक चार मिनिटांत वितळत नाही आणि दाताखाली दगडासारखा येतो. त्यापेक्षा साखरेचे क्यूब खलबत्त्यात अलगद फोडून हरभऱ्याएवढे तुकडे घ्या आणि चुरा चाळून काढा. हे अगदी शेवटी मिसळायचे, आधी घातले तर पिठातल्या ओलीने विरघळतात. 85 ग्रॅमचे आठ गोळे करून पंधरा मिनिटं ठेवा. साचा नेहमीपेक्षा थोडा कमी, 175-180 अंशांच्या आसपास तापवून तीन-चार मिनिटं भाजा. काढल्यावर साखर चटका देते, दोन मिनिटं जाळीवर थांबा, तेवढ्यात पापुद्रा कडक होतो.

यानंतर साचा धुण्याची घाई असते, कारण गार झालेलं कॅरमेल निघत नाही. वायर काढा, ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं चिमट्यात धरा आणि कोमट-गरम पट्टीवर फिरवा, वाफेने साखर सुटते. तारेची घासणी नॉनस्टिकला लावू नका, आणि पट्ट्या निघत नसतील तर साचा नळाखाली धरू नका.

उरलेली साधी वॉफल पूर्ण गार करून ताटात सुटी सुटी गोठवा आणि मग पिशवीत भरा, महिनाभर चांगली राहतात. फ्रीजरमधून थेट पॉप-अप टोस्टरमध्ये किंवा मंद आचेच्या कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं वॉफल मऊच येतं.