लोण्यात भाजायचे लॅम्ब चॉप्स : पॅन तापवण्यापूर्वीची तयारी

चॉप्स, म्हणजे कोवळ्या मेंढीच्या मांसाचे हाडासकट काप, अडीच ते तीन सेंटिमीटर जाडीचे घ्यावेत. त्याहून पातळ चॉप बाहेरून तांबूस होईतो आतून कोरडा पडतो आणि त्यावर लोणी ओतत बसायला वेळच उरत नाही. जाड बुडाचे पॅन, चिमटा आणि मोठा चमचा हाताशी असावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मांस टिपून पूर्ण कोरडे करावे. मागच्या वेळी नेमके हेच राहिले आणि चॉप्स करडे, उकडल्यासारखे निघाले. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर मांसाला रंग आणि खमंगपणा येण्यासाठी त्याचा पृष्ठभाग साधारण १४० अंशांपर्यंत तापावा लागतो. ओल असेतो पॅनची उष्णता ती उडवण्यातच खर्ची पडते. म्हणून शोषक कागदाने दोन्ही बाजू, कडा आणि हाडालगतची खाचही टिपावी. मीठ किमान पाऊण तास आधी किंवा अगदी भाजायला घेताना लावावे, कारण मधल्या वेळात मिठाने सुटलेले पाणी वरच साचून राहते. मीठ आधी लावले असेल, तर पुन्हा टिपावे. पॅन तापल्यावर, चॉप उचलताना, पुन्हा एकदा टिपावे. कंटाळा करू नये.

लोणी सुरुवातीला मुळीच घालू नये, त्यातील दुधाचा अंश जळून कडवट होतो. आधी थोड्या तेलात चॉप चरबीच्या कडेवर उभा धरून ती चरबी वितळू द्यावी, मग दोन्ही बाजू भाजाव्यात आणि आच कमी केल्यावरच लोणी, ठेचलेला लसूण व रोझमेरी (एक सुगंधी पाल्याची डहाळी) घालून फेसाळते लोणी चमच्याने वरून ओतत राहावे. रोझमेरी धुतली असल्यास तीही टिपलेली हवी, अन्यथा गरम लोणी अंगावर उडते.

लोणी मोजूनच घ्यावे. चरबी काढलेल्या १०० ग्रॅम शिजवलेल्या मांसातून सुमारे २५ ग्रॅम प्रथिने, भरपूर जस्त व बी-१२ आणि शरीरात सहज शोषले जाणारे लोह मिळते. मात्र एक मोठा चमचा लोण्यात सुमारे १०० कॅलरी आणि ७ ग्रॅम संपृक्त चरबी असते, त्यामुळे पॅनमध्ये उरलेले लोणी ताटलीत ओतू नये.

तापमापक हाडाला न टेकवता खुपसावा. ६३ अंशांना उतरवावे, पाच मिनिटे थांबावे. ताटल्या गरम असाव्यात. लॅम्बची चरबी लवकर गोठते.